अर्थिंगला पाणी

माझ्या लॅपटॉपवरची सिस्टिम संशयी आहे.
तशी आहे म्हणूनच ठेवलीय.
जालन्याच्या स्टील मिलमध्ये, काट्याच्या केबिनीत बसून
दिवसभर ट्रक तोलणाऱ्या बाईला
संशय कुणी शिकवावा लागत नाही.

आवाजाचा कारभार जिच्याकडे, त्या सेवेलाही तिनं
सगळे हक्क काढून रिकाम्या खोलीत बसवलंय.
सूर आत घे, सूर बाहेर दे,
घरात हिंडायचं नाही.

भाच्यानं हैदराबादहून यूएसबीची डबी धाडली,
काडेपेटीपेक्षा जराशी मोठी.
खोचली की काळ्या पडद्यावर निळी पट्टी,
तीत दोन पांढऱ्या ओळी:
कोण आलं, कुठल्या दारानं आलं.
या बसा नाही, चालते व्हा नाही.
घरच्या स्पीकरचा नंबर शून्य, पाहुणीचा एक.
पाहुणी उठून गेली तर गाणं न थांबता
घरच्या चिरक्या स्पीकरात परत येतं.
एवढं शहाणपण मी माणसांत कमी पाहिलंय.

हफीजभाई चंदनझिऱ्याला आमच्याच गल्लीत राहतात.
न्यू गुलशन ब्रास बँडमध्ये एकतीस वर्षं क्लॅरिनेट.
म्हणाले, बाई, एक धुन है,
तुमच्या मशीनीत ठेवून घ्या.

पंखा बंद केला. शेजारच्या कुकरला सांगून ठेवलं.
त्यांनी कवळी अंगठ्यानं दाबून बसवली
आणि डोळे मिटून
अकरा मिनिटं वाजवलं.
मधे एकदा श्वास चुकला, तिथं हसले,
आणि तो चुकलेला श्वासच पुढं नेला.
पडद्यावर आकडा पळत होता.

मग ऐकायला बसलो.
काहीच नाही.
वायर बदलली, आवाज शंभरावर नेला.
काहीच नाही.

तेव्हा आठवलं.
हिचा कान मुळात बंद असतो.
रेकॉर्ड कर म्हटलं तर ही नाही म्हणत नाही,
तक्रार करत नाही,
मुकाट शून्यं मोजून देते.
अकरा मिनिटांची शून्यं.
फाइलचं वजन पाहिलं: संगीताइतकंच.
भरला ट्रक आणि रिकामा ट्रक
काट्यावर सारखे.
असं माझ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं.

कामून गप बसलं हे? हफीजभाईंनी विचारलं.
सांगितलं तसं कितीतरी वेळ मान हलवत राहिले.
बरंय की. विचारल्याबिगर ऐकत नाही.
आपल्या गल्लीत असं एक घर दाखवा.

एका ओळीचा हुकूम लागतो कान उघडायला,
तोही मालकाच्या नावानं.
नवव्या दिवशी, नळ आले त्या दिवशी, ते परत आले.
आता आवाज येत होता, पण त्याच्याखाली
गुंऽऽ अशी एक जाड ओळ.
मला वाटलं मिल. मिल तर त्या दिवशी बंद.
वायरमन गोरख आला, मीटर लावून म्हणाला,
अर्थिंग वाळलंय ताई. खड्ड्याला पाणी कधी दिलं होतं?
तीन वर्षं झाली असतील.
मीठ, कोळसा सगळं कोरडं.

दोन बादल्या ओतल्या.
समोरची सुगंधा कठड्यावरून ओरडली,
नऊ दिवसांचं पाणी मातीत कामून ओतायलीस?
काय सांगणार.

गुणगुण गेली. सगळी नाही, बरीचशी.
हफीजभाईंनी वाजवलं. सात मिनिटं. चांगलं होतं.
पण ते नव्हतं.
तेच वाजवा ना, मी म्हटलं.
ते त्या दिवशीचं होतं, म्हणाले,
आणि रीड पुसून डबीत ठेवली.

सात मिनिटांची फाइल जपून आहे, दोन ठिकाणी.
शून्यांची पण पुसलेली नाही.
कधी रात्री डबी खोचते, निळी पट्टी येते,
हेडफोन लावून तीच लावते.
सिस्टिम एकेक शून्य
इमानदारीनं वाचत जाते,
डबीचा दिवा जळत असतो,
आणि श्वास कुठं चुकला होता
ते मला बरोबर कळतं.

मग उठायच्या आधी
ती एक ओळ उलटी टाइप करते.
कान बंद.